दात्याचे नाव

माझी नोकरी दारं वाजवायची.
सहा तासांच्या आत,
सिडकोत, सातपूरला, कधी पार ओझरपर्यंत,
स्कूटरवर पायांशी बर्फाचा डबा
आणि तोंडात घोळवून गुळगुळीत झालेलं एकच वाक्य:
तुमच्या दुःखात मी असं विचारणं बरं दिसत नाही, पण.

त्या 'पण'नंतर काय काय ऐकलंय.
एका जावयानं चप्पल दाखवली.
जेलरोडच्या एका आईनं मात्र, मी पोचायच्या आधीच,
पंखा बंद करून
मुलाच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला होता.
कुठंतरी वाचलं होतं, म्हणाली.

मोरेश्वर तांबट तीन वर्षं माझ्या यादीत.
तांबट लेनमधलं दुकान. हंड्याची कड वळवताना
तांब्याची कपची उडाली उजव्या डोळ्यात,
मग जखम पिकली, मग बुबुळावर साय धरली.
डावा तर आधीच गेलेला, लहानपणीच्या देवीत.
तरी ठोके चालूच. कानानं मठारतो, म्हणायचे,
भांडं सांगतं कुठं पातळ झालं ते.
दर महिन्याला फोन: मॅडम, कुणी गेलं का?
आणि लगेच: तसं नव्हतं म्हणायचं मला.

मार्चमध्ये डॉक्टर छाजेडांनी खुर्ची पुढं ओढली.
कांदासुद्धा न खाणारा माणूस,
शब्द त्यांच्याच जिभेवर जरा अडखळला.
डुकराच्या कातडीतलं कोलॅजन,
धुऊन, गाळून, पेशी न पेशी काढून
साच्यात ओतलेली काच.
चाचणी आहे, सक्ती नाही.
वाट बघायची नाही, कुणी जायला नको.

कुणी जायला नको.
हे मी मनात परत एकदा ऐकून घेतलं.

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला.
त्या डोळ्यानं देवाकडं बघायचं?
काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
अगं, आजोबांचा भाता कुणाच्या कातड्याचा होता
विचारलंस कधी?
त्याच्याच श्वासावर पेटली आपली चूल तीन पिढ्या.
आणि वराह म्हणून हात जोडतेस तो कोण, मांजर?
त्या हसल्या नाहीत.
पण सही केली, साक्षीदार म्हणून.

पट्टी काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले.
काकांनी आधी कुणाचा चेहरा पाहिला नाही.
टेबलावरचा तांब्या उचलला, खिडकीशी नेला,
बोट नाही फिरवलं, नुसतं बघितलं,
आणि म्हणाले, हे मठार माझं नाही.
कुणीतरी घाईत केलंय.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
दात्याचे नाव. वय. पत्ता. नातेवाइकाची सही.
खाण्यासाठीच मारलं होतं ते, डॉक्टर म्हणालेले,
कातडी तशीही उरलीच असती.
असेल.
पण जेलरोडच्या त्या आईलाही कुणीतरी असंच म्हणालं होतं,
आता जळणारच आहेत ना डोळे.
तिनं त्याला आधी घराबाहेर काढलं
आणि मग ती माझ्याकडं वळली.

घरी येताना वाघाडीच्या पुलावर स्कूटर थांबवली.
खाली नाल्याच्या काठानं एक डुकरीण,
मागं सात की आठ पिल्लं, मोजता येईनात,
चिखलात नाक खुपसून आपापल्या कामात.
तिचा काही संबंध नाही, मला कळतं.
ती काच कुठल्या मुलखातून आली कोण जाणे.
तरी वाक्य सवयीनं ओठांशी आलं,
तुमच्या दुःखात
एवढंच.
डुकरिणीनं मान वर केली, पाहिलं,
परत खाली घातली.

रकाना अजून कोराच आहे.
परवा हेडक्लार्कनं विचारलं,
इथं नुसती रेघ मारून टाकू का?
थांबा, म्हटलं,
मी विचारून सांगते.