वारा कुठंय

कॅमेरा अकरा महिने काउंटरखालच्या खणात,
कापसाची पाकिटं आणि थर्मामीटर यांच्या मधे.
बॅटरी उतरलेली. कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ नाही.
पुंता अरेनासमधल्या औषधाच्या दुकानात
वेळच वेळ असतो.

त्याआधी मी उत्तरेच्या त्या सुळक्यांना जाऊन आले होते.
पाच तास बस, मग अंधारात चढण,
वर पोचले तर माझ्याआधी चौदा ट्रायपॉड
बेकरी उघडायची वाट बघत उभे असल्यासारखे.
सूर्य आला. सुळके लाल झाले. पंधरा क्लिक.
फोटो चांगला आला,
इतरांचा येतो तितकाच चांगला.
मोठा करून दुकानात लावला, खोकल्याच्या औषधांच्या वर,
आणि मन उडालं ते उडालंच.

दर गुरुवारी एलेउतेरियो येतो, नातीचा हात धरून.
आयुष्यभर मेंढ्या भादरल्या त्यानं,
दिवसाला दीडशे, असं तो सांगतो. यास्ना
मागून बोटांनी शंभर दाखवते.
गेल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं.
डावा हात तेव्हापासून बाहीत नुसता ठेवलेला.
मी गोळ्या मोजत होते तोवर
तो भिंतीकडे बघत राहिला.
"छान आहे," म्हणाला. "पण वारा कुठंय?"
मी म्हटलं, वारा दिसतो होय कधी?
"इथं कुणीच टोपी धरलेली नाही."
मी म्हटलं, तिथं माणसंच नव्हती.
खोटं बोलले. चौदा होती.
तो अर्ध्या तोंडानं हसला आणि गेला.

मला राग आला. रागारागात बॅटरी चार्जिंगला लावली.

पहिल्या रविवारी झेंडे काढले. झेंडे म्हणजे कॉपी करून पास होणं.
दुसऱ्या रविवारी एक प्लास्टिकची पिशवी, तीन तास तिच्यामागं.
लोकांना वाटलं, फार्मसीतली नेवेन्का वारं प्यायली.
मग दफनभूमीपलीकडची वाकडी झाडं:
ती तर वाऱ्यानंच काढलेले फोटो,
चाळीस वर्षं शटर उघडं ठेवून.
सगळं पुसून टाकलं.
पण सोमवारी काउंटरशी उभी असताना लक्षात आलं,
दार उघडलं की आधी पावत्या उडतात,
मग गिऱ्हाईक आत येतं.
एकोणीस वर्षं मी त्यांच्यावर वजन ठेवत आले.

नोव्हेंबरात कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले,
धरून चालायला, दरवर्षीसारखे.
एका दोरापाशी एलेउतेरियो. उजवी मूठ दोरावर.
यास्ना दोन पावलं पुढे, केस तोंडात.
सामुद्रधुनीकडून एक सोसाटा आला,
शिरला त्याच्या कोटाच्या डाव्या बाहीत,
बाही फुगली,
आणि तो हात,
वारं गेलेला तो हात,
वाऱ्यानं उचलला.
खांद्यापर्यंत नाही. कमरेएवढा.
कुणाला तरी थांब म्हणावं, इतका.

शटर मंद राहिलं. फोटो हललाय.
यास्नाला चेहरा नाही, दोर दोन दिसतात.
गुरुवारी तो त्याच्यासमोर ठेवला, गोळ्यांच्या आधी.
त्यानं चष्मा काढला, परत लावला.
हाताबद्दल चकार शब्द नाही.
बोटानं फोटोतल्या डोक्यावरची रिकामी जागा दाखवली.
"आणि टोपी?"
उडाली होती. चौकटीबाहेर, बंदराकडे कुठंतरी.

सुळके अजून भिंतीवर आहेत. खिळा गंजलाय, निघत नाही.
कॅमेरा मात्र खणात नसतो.
रविवारी निघताना शेजारीण विचारते, आज कशाचे फोटो?
मी सांगते, राखाडी आहे, लोकरीची,
आत घामाचा डाग,
दिसली तर हाक मार.