अकरा नंबरचं पातं

पातं बोथट झालं हे डोळ्यांना उशिरा कळतं,
आधी कळतं कानांना.
धार असेल तर ते कागदातून जाताना जवळजवळ बोलतच नाही,
धार गेली की कुरकुरतं,
ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखं.
हे बोगुमिलचं म्हणणं. मी एकतीस वर्षं ऐकत आले,
ग्दिनियातल्या चौथ्या मजल्यावर,
जेवायचं टेबल त्याच्या ताब्यात देऊन
आणि ताटली मांडीवर घेऊन.

दिवसा तो गोदीत पोलाद जोडायचा,
रात्री तीच जहाजं कागदाची करायचा,
दोनशेला एक.
मी ऑपरेशन थिएटरातली नर्स.
आमच्याकडे एक माणूस, एक पातं, मग पिवळा डबा.
त्यावर चर्चा नसते.
त्याच्याकडे एका पात्याला सात जन्म:
आधी दोन हजारचा पॉलिश पेपर, पाण्याचा थेंब टाकून,
मग ज्यावर त्याच्या बापाचा वस्तरा फिरायचा तो चामड्याचा पट्टा,
हिरवी पेस्ट चोळून चोळून काळा पडलेला.
ओढायचं. ढकलायचं नाही.
ढकललंस तर पट्टाच कापशील, हाल्शका.
वीस इकडून, वीस तिकडून,
मग अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं:
घसरलं तर परत पट्ट्यावर,
रुतलं तर कामाला.

मी म्हणायचे, अरे, शंभराचं पाकीट मिळतं आता
एका केकच्या किमतीत.
मिळतं ना, म्हणायचा.
आणि आणायचाही, खोटं कशाला बोलू.
न फोडता खणात ठेवायचा,
मोठ्या दुखण्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत तसं.
अगदीच संपलेली पाती मोहरीच्या सॉसच्या बरणीत,
तीही फेकायची नाहीत.
दर ईस्टरला मी त्या बरणीखालची धूळ पुसते.

भांडण पैशाचं नव्हतंच बहुधा.
ज्या साली गोदीच्या फाटकावर यादी लागली,
कुणाकुणाची जागा दुसऱ्याने भरता येईल त्याची,
त्यात त्याचं नाव तिसरं होतं.
तेव्हापासून 'बदलून टाक' हे शब्द
तो घरात ऐकून घेत नाही,
बल्बच्या बाबतीतसुद्धा.
कित्येक संध्याकाळी आम्ही न्हाणीघरात मेणबत्ती लावली आहे.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात ऐकत नाही.
'यादविगा' टेबलावर अर्धी उभी,
कठडे राहिलेत सगळे,
एकेक गज अर्ध्या मिलिमीटरचा.
आता मी कापते, तो सोफ्यावर डोळे मिटून.
साडेतीनलाच अंधार. क्रेनवरचे लाल दिवे.
मी खण उघडला, पाकीट फोडलं,
चांदीचा कागद टर्रकन फाटला.
तो काही बोलला नाही.
नव्या पात्याला कारखान्याचं तेल असतं
हे मला झोपेतही सांगता आलं असतं,
तरी पुसायचं विसरले.
डेकच्या राखाडीवर मसुराएवढा डाग.
तो अजून त्याला दाखवलेला नाही.
एरवी मात्र ते चाललं,
काय चाललं!
जाडा कागद दुधावरच्या सायीसारखा सुटत गेला.
म्हटलं, बघ. म्हणजे मनात.

चौदाव्या गजाला तो म्हणाला, 'गेलं.'
'काय गेलं?'
'टोक.'
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
भिंगाखाली धरलं:
मोडलं नव्हतं, वळलं होतं,
पापणीचा केस वळतो तेवढं,
आणि कापलेल्या कडेला पांढरी लव उभी राहिलेली.
थिएटरात कुणी मला असलं पातं दिलं असतं
तर त्या मुलीला मी रडवलं असतं.

उरलेली नव्व्याण्णव हाताशी होती.
बरणीही.
मी उठले आणि खिडकीच्या खिळ्यावरून पट्टा काढला,
का, ते मला विचारू नका.
एक टोक खुर्चीला, दुसरं डाव्या मुठीत.
ओढायचं. ढकलायचं नाही.
आठ, नऊ, दहा, अकरा...

'हळू,' सोफ्यावरून आवाज आला,
'कोन बदलतोय तुझा.'

'बारा,' मी म्हटलं.