वाटाणा गल्ली

दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
तार्तूतला डिसेंबर असाच. दिवस दारातूनच परत जातो,
चहालासुद्धा थांबत नाही.
आमच्या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं:
बटाटा, घेवडा, आणि माझी वाटाणा.
प्रोसेसरवर पेस्ट किती लावायची? वाटाण्याएवढी.
हे निदान मला तरी कुणी शिकवू नये.

हाइनोचं कॅबिनेट मारेतने
लहान मुलांच्या बर्फगाडीवरून ओढत आणलं,
दोरी मनगटाला गुंडाळून.
"नाहीतर भंगारात जाईल," म्हणाली,
आणि बूट न काढता दारातच उभी राहिली.

आत त्याचं सगळं होतं तसंच.
प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर तिरकं अक्षर.
दंतवैद्यांच्या खुर्च्या दुरुस्त करण्यात जन्म गेला त्याचा,
वायरीवर नाव नसलं की झोप लागत नसे.
जाळीत मांजराचे राखाडी केस. मांजर त्याच्याआधी गेलं.
मागचा पंखा मी पहिल्यांदा काढला;
बेअरिंग झिजलेलं, घशात खाकरा अडकल्यासारखा फिरायचा.
मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून टम्म.
तो उपटला. माझा नवा, आखूड बोर्ड बसवला,
रेडिएटरला हात लावून, अंगातली वीज उतरवून.

बटण दाबलं.
पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला.
पुन्हा दाबलं. अर्धा वळसा.
जशी कुणी हाक ऐकून मान वळवावी
आणि हाक आपल्याला नव्हती, हे कळल्यावर परत फिरवावी.

मग चार दिवस.
रॅम एकेक करून. दुसऱ्या खाचेत. पुन्हा पहिल्या.
पॉवर सप्लाय शेजारच्या ताव्हीकडून मागून आणला.
सोळा वर्षांचं पोर, मला म्हणतं, "काका, नवीनच घ्या ना."
बोर्डाची बॅटरी काढून वीस मिनिटं ठेवली
आणि वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो.
शेवटी सगळं उपसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं,
पुठ्ठ्यावर, काळ्या पावाशेजारी.
दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं
आणि चालू!
स्क्रीन उजळली, मी एकट्यानेच टाळी वाजवली.
परत कॅबिनेटमध्ये घातलं. अर्धा वळसा.
पावाच्या चुऱ्यात सुखाने नांदत होता,
घरात नेला की मेला.

पाचव्या रात्री बोर्ड उचलून बाजूला ठेवला
आणि टॉर्च दातात धरून नुसताच तळ पाहिला.
पितळेच्या खुंट्या. त्यातली एक जास्तीची.
हाइनोच्या रुंद बोर्डाला जिथे आधार हवा होता
तिथे त्याने ती लावलेली,
आणि माझ्या बोर्डाला तिथे भोकच नाही.
चार दिवस ती त्याच्या पाठीला टोचत होती,
डाखाच्या टोकांवर, गुपचूप.
एवढंसं पितळ. पण बसवलेलं हाइनोने, निघता निघेना.
पक्कड लावली. बोटाचं साल गेलं.
एक शिवी घातली, ती त्यालाच.

खुंटी काकडीच्या लोणच्याच्या बरणीत, इतर स्क्रूंमध्ये.
बटण.
अर्धा वळसा, पूर्ण वळसा, मग मोजता येईनात.

मारेतला फोन केला. "चालू झालं."
"आवाज करतंय का?"
"नाही गं. अगदी शांत."
ती काही बोलली नाही. मागे तिची किटली शिट्टी मारत होती,
तिने ती बराच वेळ मारू दिली.
"रात्रभर खाकरायचं ते, भिंतीपलीकडून," म्हणाली.
"मला त्याच्यावरच झोप लागायची."

"थांब जरा," म्हटलं.
कोपऱ्यातल्या खोक्यातून तो पंखा काढला.
वायर कुठे जोडायची ते लिहिलेलंच होतं,
तिरक्या अक्षरात: मागे, वर.

बाहेर बर्फ पडत राहिला.
फोन कॅबिनेटच्या पाठीशी धरून
माझा हात अवघडला.