पडण्याचा वर्ग

मंगळवारी सकाळी दहाला, डोक्कमच्या शाळेतल्या व्यायामशाळेत
आम्ही नऊ म्हातारी माणसं पडायला जातो.
पैसे भरून, नाव नोंदवून.
सोबत एक सफरचंद आणि धुतलेले मोजे.

शिकवणारा येल्मर चोवीस वर्षांचा, कानात बाळी.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
पडताना हनुवटी छातीला लावा.
पडलं तरी नाक वर, ही आमच्या घराण्याची रीत.
मी ती त्र्याहत्तर वर्षं पाळली.
मनगटात बसवलेली पट्टी ही तिचीच पावती.

बटाट्याची साल होती. तेवढंच.
वादळ नव्हतं, कुणी धक्का दिला नव्हता.
चाळीस मिनिटं मी स्वयंपाकघरात आडवी,
गाल गार फरशीला,
आणि समोर, कपाटाखालच्या धुळीत,
शूर्डच्या काळ्या कोटाचं बटण.
त्याला त्याच कोटात पुरलं होतं आम्ही,
एक बटण कमी.
मुलीला फोनवर आधी बटणाचं सांगितलं.
पडल्याचं मागाहून, जाता जाता.

एकतीस वर्षं मी कालव्यावरचा पूल उचलायची.
बोट आली की घंटा, मग फाटक, मग चाक,
रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा राहायचा
आणि मी गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
खाली सोडायची, टोलच्या नाण्यांसाठी.
सायकलवाले खोळंबायचे, पुटपुटायचे,
एखादा शहाणा डबा उघडून खाऊन घ्यायचा.
माझ्या पुलावरून कुणी पाण्यात पडलं नाही.
स्वतः पडायची मग सवय कुठली असणार?

पहिले तीन मंगळवार मी भिंत धरून उभी.
हेंड्रिक्ये पडली, निळ्या गादीवर,
कणकेच्या गोळ्यासारखी, आणि हसत सुटली.
नव्वदीला दोन कमी!
बाउके पडला तेव्हा खिशातून
चष्मा, गोळ्यांची डबी, कुत्र्याची बिस्किटं.
कुत्रा मागच्या उन्हाळ्यात गेला.
कुणी काही बोललं नाही.
सगळे वाकून बिस्किटं वेचू लागलो.

येल्मर म्हणतो,
हातात असेल ते आधी सोडा.
अंडी असोत, नातवाचा केक असो.
माणसं हातातलं वाचवायला जातात
आणि हाड मोडून घेतात.
सोडा. गोल व्हा. खांद्यावरून लोळा.

चौथ्या मंगळवारी त्यानं हातात पिशवी दिली,
आत अंड्यांची रिकामी खोकी.
ऊन पडलं होतं, तेही जपून, खिडकीच्या कडेकडेनं.
मी पिशवी सोडली.
मग उरलेलं सगळं.

गादीला रबराचा वास होता, आणि कुणाच्या तरी पायांचा.
छताला अकरा दिवे, एक बंद.
"एवढंच?" मी म्हणाले.
"एवढंच," येल्मर म्हणाला. "उठणं अवघड आहे."

आधी कुशीवर, मग एक गुडघा,
मग जवळची खुर्ची.
आणि खुर्ची नसेल तर हाक.
हाकेचा सराव आम्ही दोनदोनदा करतो,
कारण ती कुणालाच येत नाही.
हेंड्रिक्येसुद्धा आधी "माफ करा" म्हणते.
माझी हाक निघाली ती उंदराएवढी,
दाराशी पोचण्याआधीच विरली.

पडल्यापडल्या मला त्या बोटी आठवल्या.
धुक्यातून यायच्या, दिसायच्याही आधी
लांबलचक भोंगा: उघडा.
कोळशाची असो, की कुणा डॉक्टरची पांढरी शिडाची,
मागताना एकही बोट कधी लाजली नाही.
आणि मला, खरं सांगते,
त्या भोंग्याचा राग कधी आला नाही.
उलट बरंच वाटायचं, उठून चाकाशी जायला.

मग मी हाक मारली.
पोटातून, कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शेजारच्या वर्गातली मुलं पळत आली,
दारात डोकीच डोकी,
एकाच्या हातात अजून खडू.
"काय पडलं? काय पडलं?"

"मी," म्हटलं.
"या, हात द्या."