चतुःसीमा

पहिल्या वकिलाने फाईल उघडलीही नाही.
एजंटाचाच माणूस. चहा मागवला, म्हणाला,
"टायटल क्लिअर आहे, सिस्टर, इसार देऊन टाका."
बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी.
पेशंटला हात न लावता "ठीक आहे" लिहिणाऱ्याची सही
मी लांबून ओळखते.

मग वेंगुर्ल्याच्या बाजारात
छत्री दुरुस्तीच्या दुकानावरचा लाकडी जिना चढले.
आरोलकर बाईंनी आधी फी सांगितली, कागदावर लिहून,
शोधाचा खर्च वेगळा, तोही लिहून.
"मी तुमची वकील. विकणाऱ्याची नाही,
एजंटाची तर नाहीच. एवढं आधी ठरू दे."
मग चष्मा पुसत विचारलं,
"घर बघायला गेलात तेव्हा गाडी कुठे लावलीत?"
कायतानच्या काजूखाली, म्हटलं. तिथून चालत.
"म्हणजे वाट आहे," त्या म्हणाल्या,
"पण कागदावर नाही."

मला वाटलं होतं, घर म्हणजे भिंती आणि कौलं.
बाईंच्या टेबलावर ते निराळंच पसरलं:
फेरफाराची जीर्ण पानं, मोडीतली एक ओळ,
इतर हक्कांत कुळाचं नाव, धाकू केळुसकर, मयत, कंसात घातलेलं,
आणि भरतीच्या रेषेपासून
माझ्या होऊ घातलेल्या न्हाणीघरापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.
सातबारावर सहा भावंडं.
बावतीस विकायला बसलेला,
त्याच्या नावापुढे दोन आणे आठ पै.
"एवढ्यात तुम्हाला पडवी मिळेल," बाई म्हणाल्या.
"फार तर पडवी आणि चूल."

चौघांच्या सह्या चार महिन्यांत आल्या.
सहावी आंजेलिन.
एकसष्ट साली मोंबासाला गेली, एक पत्र आलं,
मग नाही.
बावतीस म्हणाला, "ती खंय येतली आता?
सोडा तिका."
बाईंनी पेन खाली ठेवलं.
मेलेल्याचे वारस असतात, त्या म्हणाल्या,
हरवलेल्याचेही असतात, फक्त पत्ता बदललेला असतो.

मी दर सोमवारी फोन करायची. एजंटाने करणं सोडलं.
घराचा भाव वाढला म्हणे,
दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे, पुण्याचं, रोख.
मी रात्री हिशेब मांडायची: मुद्रांक, नोंदणी,
प्रॉव्हिडंट फंडातून उरेल ते.
माझ्या नावावर आजवर
एक स्कूटर होती, बस्स.

मुलगा सापडला. आंजेलिनचा. मुखत्यारपत्र पाठवलं,
हिश्शाचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे तेही,
आणि खाली पेनाने एकच प्रश्न:
आई सांगायची तो अंगणातला खुरीस
अजून आहे का?

होता. मी तर तिथे
तुळशीला जागा बघून ठेवली होती.
बाई म्हणाल्या, मे महिन्यात वाडी येते तिथे, लदीनला.
कोणाच्या कागदात नाही, पण सत्तर वर्षं येते.
बंद करायचं असेल तर आज सांगा,
ठेवायचं असेल तर लिहू.
मधलं काही करू नका. मधल्यातूनच दावे निघतात,
माझं घर त्यावरच चालतं.

खाली कोणीतरी छत्रीची काडी ठोकत होतं.
ठोका संपेपर्यंत मी बोलले नाही.
मग म्हटलं, लिहा.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत वीज गेली, आली,
पुन्हा गेली. अंगठा तीनदा दिला.
पूर्वेस केळुसकरांचा गडगा.
पश्चिमेस पाणंद, पाणंदीपलीकडे समुद्र.
दक्षिणेस सामाईक विहीर, पाण्यात आठ आणे.
उत्तरेस कायतानचे काजू, आणि तिथून आठ फूट रुंद वाट,
आता कागदावर.

मे महिन्यात मेणबत्त्या आल्या, माणसं आली,
उकडलेल्या चण्यांचा टोप आला.
बावतीस मात्र गड्याबाहेरच उभा,
चपला हातात घेऊन,
ज्या अंगणात रांगला त्याच्याकडे बघत.
"आत येव काय, बाय?"

तुळस मी मागच्या दारी लावलीय. तिथे ऊन कमी आहे,
पण धरतेय.

"येवा," म्हटलं. "कलम नऊ."