कपडे डोंगरावर राहतात

देव इथे टेकडीवर, विटांच्या बुरुजात,
आणि देवाचे कपडे तिथे,
दीड दिवस चढून जावं लागतं अशा राग्लाई पाड्यावर,
चुलीच्या वर टांगलेल्या पेटाऱ्यात.

असं का, विचारलं तर दांग न्यो,
जो बुरुजाची किल्ली सांभाळतो आणि एरवी मेंढ्या,
म्हणतो : चामांचा राजा पळाला त्या रात्री
सोनं घेतलं, पोरं घेतली,
देव उचलेना. चौदा जण लागले, तरी उचलेना.
मग अंगावरची वस्त्रं तेवढी काढली
आणि डोंगरातल्या धाकट्या बहिणीकडे टाकली.
(घर धाकटीकडेच जातं, ही इथली रीत.)
"धुऊन ठेव. येतोच."

तो येतोच आहे.

विटांमध्ये चुना नाही. नखसुद्धा शिरत नाही.
शहरातून आलेले म्हणाले, झाडाचा डिंक असावा;
पुडीत भुगा घेऊन गेले, पुढे काही कळवलं नाही.
न्यो म्हणतो, डिंक कसला,
हरलो हे विटांना कुणी सांगितलंच नाही अजून.
पूर्वेला तोफगोळ्याचं भोक आहे, अलीकडच्या लढाईचं.
त्यात घुबड राहतं.

वर्षातून एकदा पेटारा उतरतो.
आता चामालेआ होन मोटारसायकलवर आणतो,
मागे भाची, पेटारा मांडीवर,
तापातलं मूल दवाखान्यात नेतात तसा.

यंदा ओढे भरले. सोम गेला, अंगार गेला;
वारांची नावं इथेही तीच, जरा झिजलेली.
भात निवला, शेळी कापून झाली,
आणि देव न्हालेला, ओला, उघडा.
कुणी तरुण म्हणाला, बाजारातून नवं आणू, तासाभराचं काम.
पुजारीणबाई काही बोलली नाही.
उंबऱ्यावर बसली, देवाकडे पाठ करून,
सबंध दार अंगाने अडवून, रात्रभर.

बुताच्या सकाळी चिखलाने माखलेला होन आला.
पेटारा उघडला. धुराचा वास.
बाही एका हातची, काठ दुसऱ्या,
मूळचा धागा शोधून सापडायचा नाही.
भाची हळूच म्हणाली, इथे उंदराने खाल्लं होतं,
मी शिवलंय. माझ्या शाळेच्या गणवेशाचं आहे.
बाईने त्या निळ्या ठिगळावरून बोट फिरवलं.
"हेच," म्हणाली, "राजाने दिलेलं."

दुसऱ्या दिवशी देव पुन्हा उघडा.
पेटारा मांडीवर.
चढ लागला तसा होनने गिअर बदलला.