तीनशे प्रती

खोकी मंगळवारी आली, ट्राम डेपोच्या पत्त्यावर,
दिवसा घरी कुणीच नसतं म्हणून.
ओस्मोने शेवटच्या फेरीत आणली ती,
केबिनमध्ये, पायाशी.
सगळं ताम्पेरे त्या रात्री सात मिनिटं उशिरा घरी पोचलं.

आता स्वयंपाकघरात आम्ही चौघं कव्हरं दुमडतोय.
तूलिक्कीच्या बोटांना डिंक, केसांनाही.
रोन्या म्हणते, कण्यावर आपल्या नावातलं
एक अक्षर उलटं छापलंय.
कुणी बोलत नाही. दुमडत राहतो.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
टाळीच्या मागोमाग एक बारीक टक् आहे:
तळघरातला हीटर, गेल्या जानेवारीतला, उणे बावीस.
तो काढायला तेव्हा पैसे नव्हते.
मग तूलिक्कीने सायकल विकली, पैसे आले,
आणि त्याच्याशिवाय गाणं लंगडायला लागलं.
सायकल गेली ती गेलीच.

कोण घेईल? बोटांवर मोजतो:
बहिणी, दाताच्या दवाखान्यातल्या तिघी,
रोन्याचा आधीचा नवरा, तो तर नक्कीच.
एक्केचाळीसपर्यंत नावं निघतात.
बाकीची भिंतीशी, कुणाची कोण जाणे.

साडेअकराला सुई ठेवली.
चार वर्षं हे वाजवलं, कापलं, यावरून भांडलो,
नाचलो मात्र कधीच नव्हतो.
खालच्या म्हाताऱ्याची झोप सावध, म्हणून मोज्यांत,
डिंकाने फरशीला चिकटत,
ओस्मो तर गणवेशातच,
आणि टक् आला की चौघंही
न ठरवता
तोच पाय उचलतो.